बदकांचे खाद्य आंबवायला गेले आणि कुजले: चूक कुठे, प्रमाण काय

प्रश्न असा आहे: कुडाळजवळ घराच्या परसात ८ खाकी कॅम्पबेल बदके आणि १२ कोंबड्या आहेत, काही गावठी, काही गिरिराज. दिवसा सगळी मोकळी फिरतात. आंबवलेल्या खाद्याने खर्च कमी होतो असे ऐकून दुकानातले लेयर मॅश बादलीत भिजवून ठेवले. तीन दिवस झाले तरी ताकासारखा वास नाही, उलट घाण वास येतो, वर पांढरी साय धरली आहे. बदके थोडे खातात, कोंबड्या तोंड लावत नाहीत. चुकते कुठे?

आधी ती बादली खड्ड्यात ओतून वर माती ढकला. भूक लागली की खातील म्हणून तेच पुन्हा पुढे करू नका. कोंबड्या तोंड लावत नाहीत यात त्यांचे शहाणपण आहे. बदक त्या बाबतीत अगदीच भोळे.

चूक हाताची नाही, बादलीत घातलेल्या मालाची आहे. लेयर मॅश हे अंड्याच्या कवचाचा हिशेब धरून केलेले खाद्य. त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असते आणि ते मुख्यतः चुनखडीच्या भुकटीतून येते. म्हणजे १०० किलो मॅशमध्ये साधारण ८-९ किलो चुनखडी. जिवाणू आम्ल तयार करत जातात आणि चुनखडी ते जागच्या जागी मारत जाते. बुडबुडे येतात, माणसाला वाटते झकास आंबते आहे, पण त्यातले बरेचसे बुडबुडे आम्ल चुनखडीवर पडल्याचे असतात. आंबटपणा काही चढत नाही. आणि आंबटपणा चढला नाही की ओल्या, उबदार, प्रथिने असलेल्या पिठात आंबवणाऱ्या जिवाणूंऐवजी कुजवणारे जिवाणू घर करतात.

मॅश न भिजवण्याचे दुसरे कारण पैशाचे आहे. त्यात वरून घातलेली जीवनसत्त्वे आणि लायसिनसारखी सुटी अमिनो आम्ले असतात. आंबण्याच्या पहिल्या टप्प्यात जिवाणू ही सुटी अमिनो आम्ले खाऊन टाकतात. ज्याचे पैसे मोजले ते पक्ष्याच्या पोटात जाण्याआधी बादलीतच संपते.

म्हणून नियम एकच धरा: आंबवायचे ते धान्य आणि कोंडा. पेंड, मासळी, शिंपला आणि खनिज मिश्रण वाढायच्या वेळी कोरडे मिसळायचे. पेंड आणि मासळीतली प्रथिनेसुद्धा आंबटपणा दाबतात, आणि बिघडली तर सगळ्यात घाण वास त्यांचाच येतो.

गुरांना आंबोण घालणाऱ्या घराला भिजवणे नवे नाही. पण आंबोण सकाळी भिजवले की संध्याकाळी गव्हाणीत जाते. आंबवलेल्या खाद्यात नेमके हेच चालत नाही. भिजवल्यापासून पहिले बारा ते चोवीस तास बादलीत कोलिफॉर्मसारखे नको ते जिवाणूही वाढत असतात, कारण त्यांना अडवणारे आम्ल अजून तयार झालेले नसते. त्यानंतर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू जोर धरतात, सामू (पीएच) ६ च्या वरून उतरत ४.५ च्या खाली येतो आणि बाकीच्यांची वाढ थांबते. ताजे भिजवलेले धान्य चांगले, पूर्ण आंबलेले चांगले. त्या दोन्हींच्या मधले सगळ्यात वाईट. ‘काल रात्री भिजवले, आज सकाळी घातले’ याला आंबवणे म्हणत नाहीत.

धान्य कोणते

इथे थोडा वेळ थांबू, कारण आंबवण्याबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज इथलाच आहे. पावसाळ्यात मक्याला किंवा शेंगदाणा पेंडीला बुरशी धरली की ‘फेकण्यापेक्षा आंबवू, आंबटपणाने बुरशी मरेल’ असा विचार होतो. बुरशी मरेलही. तिने धान्यात सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र घरगुती आंबवण्याने जाईल याचा भरवसा नाही, शिजवल्यानेही ते जात नाही. आणि पाळीव पक्ष्यांत या विषाला सगळ्यात नाजूक कोण, तर बदकाचे पिलू. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, त्यांच्याबरोबर बदकांची पिलेही गेली. शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन माणसाला कळले. पुढे या विषाची चाचणी करायला बदकाचे एक दिवसाचे पिलूच वापरत. तेव्हा कोंबड्या खाऊन ठणठणीत आहेत म्हणजे बदकांनाही चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

मका विकत घ्यायचा तर अख्खा घ्या आणि घरी किंवा गिरणीत जाडसर भरडून घ्या. तयार भरड्यात काळे-हिरवे दाणे दळून लपलेले असतात. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. चेपला तर ओल जास्त आहे. भरडण्याआधी मूठभर दाणे पाण्यात टाकून बघा. तरंगणारे दाणे किडके, पोकळ किंवा बुरशीने खाल्लेले असतात. दहा-वीस तरंगले तर वरचे काढून टाका, पाव हिस्सा तरंगले तर पोते परत करा. शेंगदाणा पेंड बदकांना पावसाळ्यात देऊच नये असे माझे मत आहे. सोयाबीन पेंड मिळत असताना तो जुगार कशाला?

तांदळाचा कोंडा कोकणात घराघरात मिळतो आणि तो चांगलाही आहे, पण गिरणीतून आल्यापासून काही दिवसांतच त्यातले तेल खवट होते. बोटाने चाखून बघा. कडवट लागला तर तो गुरांनाही देऊ नका. तेल काढलेला कोंडा जास्त टिकतो. गव्हाचा कोंडा मात्र आंबवणात असावाच. धान्यातला दोनतृतीयांशाच्या आसपास फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो पक्ष्यांना फारसा पचत नाही. गव्हात आणि गव्हाच्या कोंड्यात तो मोकळा करणारे विकर (एन्झाइम) भरपूर असते, मक्यात जवळजवळ नसते. ओल आणि सौम्य आंबटपणा मिळाला की गव्हाचे विकर मक्यावरही काम करते. आंबवण्याचा जो खात्रीचा पोषणलाभ म्हणता येतो, तो हा.

कच्चे सोयाबीन, कच्चा कुळीथ, कच्ची तूर आंबवून घालू नका. त्यांतले पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेने जातात, चार दिवसांच्या आंबवण्याने पुरेसे जात नाहीत. भाजून किंवा उकडून घ्या. सरकी पेंड अंड्यावरच्या पक्ष्यांना नको, बलक हिरवट-तपकिरी पडतो.

प्रमाण

अंड्यावर असलेल्या बदकांना आणि कोंबड्यांना मिळून एकच मिश्रण करायचे तर १० किलो कोरड्या खाद्याचा हा हिशेब धरा. आंबवायचा भाग ७ किलो: मक्याचा भरडा ३.५ किलो, तांदळाची कणी १.५ किलो, गहू अख्खा किंवा दोन तुकडे केलेला १ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो. कोरडा मिसळायचा भाग ३ किलो: सोयाबीन पेंड २ किलो, बिनखारवलेली जवळ्याची किंवा सुक्या मासळीची पूड ३०० ग्रॅम, शिंपला पूड ६०० ग्रॅम, पक्ष्यांसाठीचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात, साधारण १०० ग्रॅमपर्यंत. सगळे मिळून प्रथिने सतरा-साडेसतरा टक्के होतात. शिंपल्याचे तुकडे याशिवाय वेगळ्या भांड्यात कायम ठेवावे. ज्याला हवे तो उचलतो.

मासळीची पूड बिनखारवलेली म्हणजे बिनखारवलेलीच. बाजारातली खारी सुकट पाखरांना घालून मीठबाधा होते, हगवण लागते, कोवळी पिले मरतात. पूड चाखून बघा. आणि प्रमाण वाढवले तर अंड्याला मासळीचा वास येतो, मग शेजारी अंडी घेत नाहीत.

कणीऐवजी सालासकटचे भात चालते. बदके ते आवडीने खातात, पण टोकदार कुसळे असलेले भात पिलांना घालू नये. नाचणी मक्याच्या जागी अर्ध्या किलोपर्यंत घ्या.

तुमच्या २० पक्ष्यांना किती? बंदिस्त ठेवले तर बदकाला रोज १५०-१६० ग्रॅम, कोंबडीला १००-११० ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे एकूण अडीच किलोच्या आसपास. तुमचे पक्षी परड्यात आणि शेतात फिरतात, गांडुळे, गोगलगायी, गवत खातात. तेव्हा दीड किलो कोरड्यापासून सुरुवात करा. त्यातले सुमारे १ किलो ५० ग्रॅम आंबवायचे, ४५० ग्रॅम कोरडे मिसळायचे. पाऊस नसलेल्या महिन्यांत चरायला कमी मिळते, तेव्हा दोन किलोपर्यंत जा.

बादली आणि पाणी

झाकणाच्या तीन प्लॅस्टिक बादल्या, प्रत्येकी ५ लिटरच्या, खाद्यपदार्थ ठेवण्याजोग्या. चिनी मातीची बरणी किंवा स्टीलचे पातेलेही चालेल. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली मात्र नको. आम्लाने जस्त सुटते आणि जस्त पक्ष्यांना विषारी असते. वाढायचे पसरट भांडेही पत्र्याचे नको, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम याच कारणाने बाद. रंगाचे किंवा औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी नकोत.

ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकलेली असते. ते पाणी उघड्या भांड्यात एक रात्र ठेवा किंवा उकळून गार करा. विहिरीचे पाणी थेट चालते, फक्त विहीर स्वच्छ हवी.

विरजण

न लावताही आंबते, धान्यावर जिवाणू असतातच. पण पहिल्या खेपेला विरजण लावले तर धोक्याचा काळ कमी होतो. लोक ताक घालतात. वाईट नाही, पण ताकाचे जिवाणू मुख्यतः दुधावर वाढायला सरावलेले असतात. ताकाचा खरा उपयोग सुरुवातीला थोडा आंबटपणा मिळण्यापुरता. घरात आंबोळीचे पीठ फुगले असेल तर तेच उत्तम. तांदूळ-उडदाच्या पिठात ल्युकोनोस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू असतात आणि ते धान्यावरच वाढलेले असतात. मीठ आणि सोडा घालण्याआधी पाव वाटी बाजूला काढा. १ किलो धान्याला तेवढे पुरते. व्हिनेगर नको. गूळ नको, साखर नको. गोड घातले की यीस्टची चंगळ होते आणि बादलीला दारूचा वास येतो.

कृती

१ किलो ५० ग्रॅम धान्य-कोंड्याला दीड लिटरला थोडे कमी, म्हणजे १.३ ते १.४ लिटर पाणी. विरजण पाण्यात आधी कालवा, मग धान्य घाला, तळापासून हलवा. पाणी धान्याच्या वर दोन बोटे दिसले पाहिजे. पाच-सहा तासांनी परत बघा. गहू आणि भरडा पाणी पितात, धान्य उघडे पडले असेल तर वाटीभर पाणी आणखी. बादली दोनतृतीयांशाच्या वर भरू नका. झाकण ठेवा पण दाबून बसवू नका, वायू बाहेर जायला हवा. दिवसातून दोनदा स्वच्छ कोरड्या लाकडी उलथन्याने हलवा आणि तरंगणारी टरफले खाली दाबा. बुरशी धरते ती पाण्याबाहेर राहिलेल्या टरफलांवर.

बादली सावलीत, उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी. ऊन लागलेल्या पडवीत ठेवलेली बादली एप्रिल-मे महिन्यात दुपारी इतकी तापते की आंबण्याऐवजी नासते.

वेळ हवेवर ठरते. कोकणात उन्हाळ्यात विरजण लावलेले आंबवण ३०-३६ तासांत तयार होते. पावसाळ्यात दोन दिवस. घाटावर डिसेंबर-जानेवारीत, रात्री थंडी पडते तेव्हा, तीन ते चार दिवस. तिथे बादली चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवा.

तयार झाले हे कसे ओळखायचे? वास ताकाचा किंवा आंबोळीच्या पिठाचा, नाकाला झोंबणारा नाही. पाणी गढूळ-पांढरट, हलवले की बारीक बुडबुडे. पण पहिले चार-पाच घाणे तरी सामू मोजून घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात सामू मोजायच्या रंगपट्ट्या मिळतात. लिटमस कागद नव्हे, तो फक्त आम्ल आहे की नाही एवढेच सांगतो. पट्टीवर ४.५ किंवा कमी दिसले तर घाला. ५ दिसले तर अजून बारा तास. तीन दिवसांनंतरही ५ च्या वर असेल आणि हवा थंड नसेल, तर चुनखडीचे काहीतरी आत गेले आहे किंवा पाण्यात क्लोरीन जास्त होते. तो घाणा टाका.

दुसऱ्या घाण्यापासून काम सोपे. तयार आंबवणातले एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे दहा टक्के, निवळीसकट, म्हणजे त्यातल्या आंबट पाण्यासकट, मागे ठेवा आणि त्यावरच नवे धान्य-पाणी घाला. आता आंबटपणा पहिल्या तासापासून असतो, त्यामुळे उबदार हवेत चोवीस तासांतच सामू ४.५ च्या खाली येतो. तीन बादल्या खडूने १, २, ३ लिहून फिरत्या ठेवा: आज १ रिकामी करून भरा, उद्या २, परवा ३. प्रत्येक घाण्याला तीन दिवस मिळतात. उन्हाळ्यात दोनच बादल्या वापरा, नाहीतर आंबटपणा इतका चढतो की कोंबड्या खाणे कमी करतात. महिन्याभराने विरजण नव्याने लावा आणि बादल्या गरम पाण्याने घासून उन्हात वाळवा. बादली रोज साबणाने धुण्याची गरज नाही, उलट साबणाचा अंश राहिला तर त्रासच.

वाढणे

चाळणीवर ओतून निवळ खाली भांड्यात धरा. ती फेकू नका. थोडी पुढच्या घाण्याला, थोडी कोरडा भाग कालवायला. आता ४५० ग्रॅम पेंड-मासळी-शिंपल्याचे मिश्रण आंबवणात घालून हाताने कालवा. शिंपला घातला की पुन्हा बुडबुडे येतील, तो आधीचाच चुनखडीचा खेळ, पण आता वीस मिनिटांत पोटात जाणार आहे म्हणून चिंता नाही. कालवलेले शिल्लक ठेवू मात्र नका.

कोंबड्यांना ते झुणक्यासारखे मोकळे हवे, बदकांना पिठल्यासारखे सैल. एकाच भांड्यात दोघांना वाढले तर बदके पाणी आणून त्याचे पिठले करतातच, मग कोंबड्या उपाशी राहतात. भांडी वेगळी आणि दहा-पंधरा पावले लांब ठेवा. सगळे मिळून ओले वजन अडीच किलोच्या आसपास होईल. निम्मे आठ बदकांना, निम्मे बारा कोंबड्यांना. बदकांच्या भांड्याशेजारी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल पाणी हवे. घास घशात अडकतो, नाकपुड्या पिठाने भरतात; पाणी लांब असेल तर बदक अर्धवट खाऊन उठते.

नव्याने सुरू करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे ओले वजन कोरडे समजणे. कोंबडीला १०० ग्रॅम लागते म्हणून १०० ग्रॅम ओले घातले जाते; त्यात कोरडे निम्मेच असते. पंधरा दिवसांत अंडी घटतात आणि दोष आंबवण्यावर येतो. कोरडे मोजून बादलीत घाला, ओले मोजू नका.

पहिल्या दिवशी पूर्ण बदल करू नका. तीन दिवस पाव हिस्सा आंबवलेले, पुढचे तीन-चार दिवस निम्मे, मग पूर्ण. पहिला आठवडा विष्ठा थोडी सैल होते, ते चालते. रक्त दिसले, हिरवी पाण्यासारखी झाली किंवा पक्षी पंख सोडून बसला, तर आंबवण बंद आणि पशुवैद्यक. तो आंबवणाचा परिणाम समजून वाट बघत बसू नका.

बदकांचे वेगळे गणित

कोंबडीच्या खाद्यावर बदके जगतात, पण बदकाच्या पिलाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते: किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास, कोंबडीच्या पिलाला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. कमी पडले की पाय धनुष्यासारखे वाकतात, घोटे सुजतात, पिलू बसून राहते. मक्यात नायसिन आहे पण बांधलेले, आणि नुसत्या आंबवण्याने ते पुरेसे सुटत नाही. मका जास्त असलेल्या खाद्यावर वाढणाऱ्या पिलांना १ किलो कोरड्या खाद्यामागे ५० ग्रॅम ब्रुअर्स यीस्टची पूड वाढताना मिसळा. पाव फुगवायचे जिवंत यीस्ट वेगळे, ते इथे वापरू नका. मोठ्या, मोकळ्या फिरणाऱ्या बदकांना ही उणीव सहसा पडत नाही.

पिलांना पहिले दोन आठवडे आंबवण नकोच. २० ते २२ टक्के प्रथिनांचे कोरडे बारीक स्टार्टर द्या, औषध न मिसळलेले. बदकाचे पिलू वजनाच्या मानाने जास्त खाते, त्यामुळे कोंबडीच्या पिलांसाठी मोजून मिसळलेले औषध त्याला जास्त पडू शकते. शिवाय बदकांची ऊबघरे तशीच ओली असतात, त्यात आंबट पीठ मऊ पिसांना चिकटले की पिलू गारठते. तिसऱ्या आठवड्यापासून गहू वगळून बारीक भरड्याचे आंबवण, दिवसातून एकदा, वीस मिनिटांत संपेल इतकेच.

अख्खा गहू खाणाऱ्या पक्ष्याला पोटात खडे लागतात. जांभ्याच्या परड्यात फिरणाऱ्यांना ते मिळतात. बंदिस्तांना ३-४ मिलिमीटरची धुतलेली खडी वेगळी ठेवा.

बिघाड ओळखणे

तुमच्या बादलीवरची पांढरी साय सपाट, सुरकुतलेली असेल तर ती यीस्टची. ती एकटी निरुपद्रवी असते. काढून टाका, हलवा, वास चांगला असेल तर घाला. लोकरीसारखी, केसाळ, हिरवी-काळी-गुलाबी काहीही असेल तर अख्खा घाणा जातो, वरचे काढून खालचे वापरायचे नाही. वास दारूचा असेल तर यीस्ट जास्त झाले, घाणा जुना झाला किंवा कोणीतरी गूळ घातला. निम्मे टाकून ताज्या विरजणाने पुन्हा सुरू करा. नेलपॉलिशसारखा वास आला तरी तेच. ओकारीसारखा, सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे कुजले, त्यावर उपाय नाही. घट्ट, तार सुटणारे पाणी झाले तर बहुधा कणी जास्त आणि हलवणे कमी; वास आणि सामू ठीक असेल तर चालते, पण पुढच्या वेळी त्यातले विरजण ठेवू नका.

शिल्लक राहिलेले आणि सांडलेले, याकडे बदकवाल्यांनी सगळ्यात जास्त बघायला हवे. बादलीतल्या आंबटपणात बोटुलिझमचा, म्हणजे अंग लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, जिवाणू वाढत नाही. पण बदक चोचीतून सांडत पाण्याकडे जाते, डबक्यात चूळ भरते. सांडलेले पातळ होते, आंबटपणा जातो, चिखलात सडते. त्या सडक्या चिखलात, मेलेल्या बेडकात, अळ्यांत विष तयार होते आणि अळ्या खाणाऱ्या बदकाची मान लुळी पडते, पापण्या मिटतात, पंख ओढत ते पाण्यात बुडते. म्हणून वाढायची जागा डबक्यापासून पाच-सहा पावले (प्यायचे भांडे मात्र शेजारीच), खाली फरशी किंवा घट्ट जांभा, आणि अर्ध्या तासाने भांडी उचलून जागा पाण्याने धुवायची. रात्री काहीच शिल्लक नको. उंदीर येतात, आणि सिंधुदुर्गात उंदीर म्हणजे लेप्टो, त्यांच्या मुतातून पसरणारा ताप, हे वेगळे सांगायला नको. कावळे आणि रानपाखरेही उघड्या भांड्यावर येतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्या गेल्या तेव्हापासून बाहेरच्या पाखरांचा संबंध टाळण्याची गरज कोंबडीवाल्यांना कळली आहे. बदकाचे अवघड असे की त्याच्यात हा विषाणू काही वेळा लक्षणांशिवायही राहतो.

खर्चाबद्दल. आंबवल्याने धान्यात नवे काही तयार होऊन पोते निम्म्यावर येते, असे कोणी सांगितले तर हसून सोडा. बचत होते ती मुख्यतः नासाडी थांबल्याने: कोरडे मॅश बदके पाण्यात धुऊन टाकतात, कोंबड्या उधळतात, ओले तसे जात नाही. आतड्यातला आंबटपणा वाढून नको ते जिवाणू कमी होतात हे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. वाढ आणि अंडी मात्र प्रत्येक वेळी वाढतातच असे नाही. तुमच्या घरी लेयर मॅश बंद करून धान्य-पेंड आणायला लागलात तर खर्चातला फरक आंबवण्यापेक्षा त्यानेच जास्त पडेल.

उरलेले लेयर मॅश फेकू नका. कोरडेच द्या, किंवा तयार आंबवण वाढताना पेंड-शिंपल्याच्या जागी मिसळा: १ किलो कोरड्या धान्याच्या आंबवणाला १ किलो मॅश, वर मूठभर मासळी पूड आणि शिंपला. पोते संपेपर्यंत तेवढे चालेल. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी निवळ पिण्याच्या पाण्यात जाऊ देऊ नका आणि भांडीही धातूची नकोत; लसीतला जिवंत विषाणू आम्लाने आणि धातूने निकामी होऊ शकतो.